डबीतले शास्त्र

लठ्ठपणा आणि आतड्यातले जिवाणू यांची अधिकृत गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात, त्यांतले काही सज्जन, काही दुर्जन. तेलकट-गोड खाल्ले की दुर्जन माजतात आणि माणूस फुगतो, पालेभाजी-भाकरी खाल्ली की सज्जन खूश होतात आणि माणूस आटोक्यात राहतो. दिवाळी अंकातला आरोग्यलेख असो की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सकाळचा संदेश, गोष्ट हीच. ती खोटी आहे असे नाही. पण शौचाच्या डब्या गोळा करणे, त्यांवर मार्करने क्रमांक टाकणे, उणे ऐंशीच्या फ्रीझरची रात्री-अपरात्री मनधरणी करणे, या खात्यात माझी बरीच वर्षे गेली. आमच्या चहाच्या टपरीवर जी गोष्ट चालायची ती छापील गोष्टीपेक्षा बरीच रंगेल होती.

सुरुवात त्या प्रसिद्ध स्लाइडपासून. या विषयावरचे कोणतेही व्याख्यान एकाच वाक्याने सुरू व्हायचे: तुमच्या शरीरात तुमच्या पेशींच्या दहापट जिवाणू आहेत, म्हणजे तुम्ही जेमतेम दहा टक्केच माणूस आहात. श्रोत्यांत हमखास हशा. आकडा आला कुठून, हे विचारायची गरज कोणाला वाटत नव्हती, कारण प्रत्येक जण आधीच्या लेखाचा हवाला देत होता आणि तो त्याच्या आधीच्याचा. माग काढत गेले की साखळी १९७२ सालच्या टॉमस लकी यांच्या एका लेखापाशी जाऊन थांबते. लकींनी केलेला हिशेब कागदाच्या कपट्यावर मावेल एवढाच होता: एक ग्रॅम मळात इतके जिवाणू, आतड्यात साधारण किलोभर ऐवज, करा गुणाकार. मोठे आतडे जितके गजबजलेले असते तितके लहान आतडे नसते, हा तपशील गुणाकारात सांडून गेला. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी ७० किलोच्या माणसाचा ताळेबंद नव्याने मांडला. जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. त्यातही बहुतेक तांबड्या रक्तपेशी. सगळ्या जिवाणूंचे वजन मिळून २०० ग्रॅम, जे तोवर स्लाइडवर किलो-दोन किलो असायचे. आमच्या मंडळींना त्या निबंधातला सर्वांत भावलेला मुद्दा मात्र वेगळाच. दोन्ही बाजूंतला फरक इतका थोडा आहे की एकदा पोट नीट साफ झाले तर बहुमत माणसाकडे जाऊ शकते.

आता उंदरांकडे. अमेरिकेत सेंट लुईसला, वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांची प्रयोगशाळा आहे. तिथले खास उंदीर प्लास्टिकच्या बंदिस्त तंबूत जन्मतात आणि तिथेच म्हातारे होतात. अन्न, पाणी, अंथरायचा भुसा सगळे निर्जंतुक होऊन आत जाते आणि माणसाचा हात फक्त तंबूला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यातून आत शिरतो. या उंदरांच्या पोटात एकही जिवाणू नसतो. २००४ साली फ्रेडरिक बेकहेड आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांत साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. वर्तमानपत्रांत छापून आले ते इतकेच. आतली गंमत अशी की हे उंदीर आधीपेक्षा कमी खात होते. जिवाणू आले की एरवी वाया जाणाऱ्या चोथ्यातूनही ऊर्जा काढून देतात, आणि शरीराला चरबी साठवायचे इशारेही करतात. ‘मी खात तर काहीच नाही, तरी वजन वाढतं,’ असे आयुष्यभर सांगत आलेल्या तमाम आत्या-मावश्यांच्या बाजूने विज्ञानाने दिलेली ही पहिली साक्ष होती. फक्त साक्षीदार उंदीर निघाले.

त्याच प्रयोगशाळेतून पुढच्याच वर्षी ते सुप्रसिद्ध गुणोत्तर बाहेर पडले. रूथ ले आणि सहकाऱ्यांना जन्मजात लठ्ठ उंदरांत फर्मिक्युट्स गटाचे जिवाणू जास्त आणि बॅक्टेरॉइडेट्स गटाचे निम्म्याने कमी दिसले. २००६ साली बारा लठ्ठ माणसांना वर्षभर पथ्यावर ठेवले, तर वजन उतरेल तसे बॅक्टेरॉइडेट्स वर सरकले. बारा माणसे! आमच्याकडे लग्नाच्या बैठकीलाही यापेक्षा जास्त लोक असतात. पण निबंध ‘नेचर’मध्ये होता, चित्र सुबक होते आणि दोन आकड्यांचा भागाकार कोणालाही जमतो. बघता बघता हा भागाकार लठ्ठपणाचा थर्मामीटर बनला. घरपोच डबी पाठवून तुमचे गुणोत्तर छापून देणारे धंदे निघाले. कोणाचे गुणोत्तर चांगले आले की तो ऑफिसात पेढे वाटायचाच काय तो बाकी.

त्या काळात एमआयटीतले लॉरेन्स डेव्हिड आणि त्यांचे मार्गदर्शक एरिक अॅल्म यांनी एक वेगळेच खूळ घेतले होते. जवळजवळ वर्षभर रोज स्वतःचा नमुना घ्यायचा आणि काय खाल्ले, किती झोपलो, काय केले, सगळे फोनवर नोंदवायचे. अॅल्म यांना मध्येच बाहेरचे काहीतरी बाधले आणि साल्मोनेलाने त्यांच्या आतड्यातली जुनी वस्ती उठवून लावली. ती परत पूर्वीसारखी झालीच नाही. डेव्हिड दरम्यान बँकॉकला जाऊन राहिले. तिथे त्यांच्या पोटातले बॅक्टेरॉइडेट्सचे फर्मिक्युट्सशी असलेले प्रमाण जवळपास दुप्पट झाले, म्हणजे थेट ‘सडपातळ’ दिशेला. घरी परतल्यावर ते पूर्ववत झाले. बँकॉकच्या मुक्कामात त्यांना जुलाबही झाले होते. हे वाचल्यावर आमच्याकडच्या एका वरिष्ठांनी गुणोत्तराची स्लाइड काढून टाकली नाही. फक्त तिच्याखाली बारीक अक्षरात एक तारा टाकला.

ताऱ्याचा खुलासा २०१६ साली मिशिगन विद्यापीठातल्या मार्क झे आणि पॅट्रिक श्लॉस यांनी केला. त्यांनी दहा अभ्यासांची मूळ माहिती एकत्र करून नव्याने चाळली. लठ्ठपणाचा ठसा सापडला, पण इतका पुसट की जिवाणू पाहून माणूस लठ्ठ की सडपातळ हे सांगणे जवळजवळ अंदाजपंचे निघाले. गुणोत्तराचा तर मागमूस नाही. बहुतेक अभ्यासांत इतकी कमी माणसे होती की खरा फरक असता तरी तो पकडता आला नसता. शोधनिबंध गाजला, सर्वांनी माना डोलावल्या. घरपोच डबीच्या अहवालात मात्र गुणोत्तर पहिल्याच पानावर, रंगीत, तसेच राहिले.

गॉर्डन यांचे उंदीर मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. २०१३ साली व्हनेसा रिदौरा आणि सहकाऱ्यांनी चार जुळ्या जोड्या शोधल्या, प्रत्येकीत एक बहीण लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या निर्जंतुक उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जाड झाले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले, आणि चमत्कार: जाड व्हायला निघालेले उंदीर सडपातळच राहिले! ‘सडपातळ मित्रांची संगत ठेवा’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. संगतीचा खरा प्रकार बातम्यांनी शिताफीने झाकला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. संगतीचा जो काही सुपरिणाम व्हायचा तो या मार्गाने होतो.

याच निबंधात पुढे एक अट होती, जी बातमीत तर सोडाच, बऱ्याच व्याख्यानांतही गळते. सडपातळ जिवाणूंनी लठ्ठांच्या पोटात शिरून बस्तान बसवले ते कमी स्निग्ध आणि भरपूर चोथ्याचा खाऊ चालू असताना. तेच उंदीर आजच्या अमेरिकी ताटासारख्या, भाज्या-फळे कमी आणि चरबी जास्त अशा खाऊवर ठेवले, तेव्हा सज्जन जिवाणू दारातूनच परत फिरले. म्हणजे जिवाणू, जनुके, जुळ्या बहिणी, तंबू असा एवढा लवाजमा जमवून शेवटी निर्णय कोणी दिला, तर खाऊने. ही तक्रार मी या क्षेत्रात पुन्हा पुन्हा ऐकली आहे: आरोपी म्हणून जिवाणू पकडावा आणि चौकशीत ताटच बोलू लागावे.

शांघायच्या झाओ लिपिंग यांचा किस्साही याच वळणाचा. जियाओ तोंग विद्यापीठातल्या या प्राध्यापकांचे स्वतःचेच वजन वाढलेले, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे चढलेले. २००४ सालचा तो उंदरांचा निबंध वाचून त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केला. अख्खी धान्ये आणि त्यासोबत चिनी कंद आणि कारले. दोन वर्षांत २० किलो उतरले. दाह कमी करणारा म्हणून नावाजलेला फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जिवाणू, जो आधी त्यांच्या नमुन्यात सापडतही नव्हता, तो वाढून एकूण वस्तीच्या १४.५ टक्के झाला. ‘कारल्याने वजन उतरते’ हे सांगायला शांघायचा प्राध्यापक कशाला, असे आमच्या मावशींना वाटले. पण झाओ तिथे थांबले नाहीत. पुढे १७४.८ किलो वजनाचा एक स्वयंसेवक त्यांना मिळाला. त्याच्या आतड्यात एंटरोबॅक्टर जातीच्या जिवाणूंनी ३५ टक्के जागा बळकावली होती. पथ्याने ती जात दिसेनाशी झाली आणि २३ आठवड्यांत त्याचे ५१.४ किलो वजन उतरले. त्या जातीतला बी-२९ नावाचा एक जिवाणू वेगळा काढून निर्जंतुक उंदरांत सोडला, तर उंदीर लठ्ठ झाले. अखेर गुन्हेगार रंगेहाथ सापडला, अशी हवा झाली. निबंधाचा पुढचा परिच्छेद ज्यांनी वाचला त्यांना कळले की साध्या खाऊवर याच बी-२९ने उंदरांचे काहीच वाकडे केले नाही. त्यालाही साथीला चरबीचे ताट लागत होते.

आता जरा नाजूक प्रकरण. निरोगी माणसाचा मळ रुग्णाच्या आतड्यात सोडणे हा उपचार आज मान्यताप्राप्त आहे आणि त्याला भारदस्त नावही आहे. पण १९५७ साली स्टॅन्ली फाल्को या तरुण सूक्ष्मजीवतज्ज्ञाकडे असे काही नाव नव्हते. शस्त्रक्रियेआधी रुग्णांना प्रतिजैविके देत आणि त्यांची पोटे बिघडत. एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून फाल्को रुग्णांनी भरती होताना आणलेला त्यांचाच मळ कॅप्सुलांत भरून ठेवत आणि शस्त्रक्रियेनंतर निम्म्या रुग्णांना त्या गोळ्या जात. कशाच्या आहेत हे रुग्णांना माहीत नव्हते. कुणकुण लागली तसे इस्पितळाचे प्रशासक तावातावाने आले आणि त्यांनी थेट, अजिबात शास्त्रीय नसलेल्या शब्दांत विचारले की हे खरे आहे का. फाल्कोंनी अत्यंत शास्त्रीय शब्दांत होकार दिला. नोकरी तिथल्या तिथे गेली. दोन दिवसांनी मुकाट्याने परत बोलावणे आले. पुढे जिवाणू रोग कसे निर्माण करतात या शास्त्राचे ते पितामह ठरले, आणि हा किस्सा त्यांनी स्वतःच मोठ्या खुशीने लिहून ठेवला.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या चिवट जुलाबांवर हा उपचार किती चालतो याचा पुरावा २०१३ साली अॅमस्टरडॅमहून आला. पहिल्याच खेपेत १६पैकी १३ रुग्ण बरे. औषध घेणाऱ्या गटाची अवस्था इतकी वाईट की चाचणी मध्येच थांबवावी लागली. मग साहजिकच कोणाच्या तरी डोक्यात आले: सडपातळ माणसाचा मळ लठ्ठ माणसाला दिला तर? अॅमस्टरडॅमच्याच गटाने तेही करून पाहिले होते. सहा आठवड्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. वजनकाटा ढिम्म हलला नाही.

उलट दिशेने मात्र काटा हलल्याची एक नोंद आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या बत्तीस वर्षांच्या एका बाईंना याच जुलाबांनी हैराण केले होते. दाता म्हणून त्यांनी आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला निवडले. घरचाच माणूस, विश्वासाचा. जुलाब थांबले. पण सोळा महिन्यांत आईचे वजन ६२ किलोंवरून ७७वर गेले, आणि पथ्य, व्यायाम करूनही पुढे ८०पर्यंत. त्या आधी कधीच लठ्ठ नव्हत्या. २०१५ साली ही हकिगत छापून आली आणि दाता निवडताना त्याचे वजनही पाहा असा सल्ला पसरला. सिद्ध काहीच झाले नव्हते, जुलाब थांबले की भूक परतते, हे डॉक्टरांनीही लिहिले होते. माझ्या ध्यानात मात्र त्या नोंदीतले दुसरेच वाक्य राहिले: दरम्यानच्या काळात मुलीचे वजनही ७७ किलो झाले होते. मायलेकी एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर. आतड्यातून काय गेले आणि डायनिंग टेबलावरून काय गेले, याचा निवाडा कोण करणार?

गोळ्यांनी केलेली फजिती याहून मोठी. २०१२ साली चिनी गटाने मधुमेह्यांच्या आतड्यातला मधुमेहाचा ठसा शोधून काढला. वर्षभरात स्वीडिश गटानेही शोधला. दोन्ही ठसे एकमेकांशी जुळेनात. दोन्ही बाजूंनी मनातल्या मनात समोरच्याची पद्धत चुकली असे ठरवले. परिषदांच्या कॉफीच्या रांगेत ते मनातून बाहेरही यायचे. २०१५ साली क्रिस्टोफर फोर्स्लुंड आणि युरोपीय सहकाऱ्यांनी ७८४ जणांच्या आतड्यातल्या जिवाणूंची जनुकीय माहिती एकत्र करून एक साधा प्रश्न विचारला: यांतले मेटफॉर्मिन कोण घेत होते? महाराष्ट्रात घरटी एका तरी माणसाच्या चहाच्या कपाशेजारी दिसते तीच मधुमेहाची गोळी. ठशाचा बराचसा भाग मधुमेहाचा नव्हताच, गोळीचा होता. दोन्ही देशांतल्या रुग्णांत गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण वेगळे, म्हणून ठसेही वेगळे. दोन्ही बाजू भांडत होत्या ते बहुतांशी औषधाच्या दुकानातल्या बिलावरून.

आणि जिथे गोळी नव्हती तिथे किट होते. नमुन्यातून डीएनए काढायची रसायने पाकिटबंद येतात. ती निर्जंतुक असली तरी त्यांत मेलेल्या जिवाणूंचा डीएनए असतोच. इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या सुझॅना सॉल्टर यांनी थायलंडच्या निर्वासित छावणीतल्या तान्ह्या मुलांच्या नाकातले नमुने तपासले, तेव्हा वयानुसार जिवाणू बदलत जातात असे सुरेख चित्र मिळाले. नंतर कळले की मुले मोठी होत होती तशी किटची खेप बदलत होती. चित्र किटचे होते.

अपघाताने भले झाल्याचाही एक किस्सा सांगायला हवा, नाहीतर वाचकांना वाटेल की आम्ही फक्त उखाळ्यापाखाळ्या काढतो. अॅकरमॅन्सिया नावाचा जिवाणू २००४ साली नेदरलँड्समध्ये सापडला. आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्म खाऊन तो जगतो आणि लठ्ठ माणसांत तो सहसा कमी असतो. बेल्जियमचे पात्रिस कानी यांनी तो उंदरांना दिला, वजन आणि साखर दोन्ही सुधारले. हा जिवाणू लाडावलेला आहे, हवेतला ऑक्सिजन त्याला सोसत नाही. तो माणसांना द्यायचा तर जिवंत ठेवण्याची दगदग फार. तुलनेसाठी म्हणून त्यांनी काही जिवाणू ७० अंशांवर अर्धा तास तापवून मारले आणि दिले. मेलेल्यांनी जिवंतांपेक्षा जास्त काम केले! २०१९ साली माणसांवरच्या छोट्या चाचणीतही तेच: तीन महिन्यांत इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला तो तापवलेल्या अॅकरमॅन्सियाने, जिवंताने नाही. ‘जिवंत जिवाणूंची ताकद’ असे डब्यावर छापणाऱ्यांची त्या दिवशी झालेली अडचण मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एका परिषदेत अशाच एका स्टॉलवाल्याने हा निबंध समोर धरणाऱ्या विद्यार्थ्याला शांतपणे आणखी एक फुकट पेन दिले.

स्टॅनफर्डचे जस्टिन आणि एरिका सोनेनबर्ग हे नवरा-बायको म्हणजे चोथ्याचे जुने पुरस्कर्ते. चोथा नसलेल्या आहारावर उंदरांच्या पिढ्या वाढवल्या तर जिवाणूंच्या जाती कायमच्या लोप पावतात, हे त्यांनीच २०१६ साली दाखवलेले. २०२१ साली त्यांच्या गटाने ३६ निरोगी माणसांना दोन गटांत वाटले. एका गटाला भरपूर चोथा. दुसऱ्याला दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ, दिवसाला सहा वाट्यांच्या आसपास. दहा आठवडे. बाजी चोथा मारणार याबद्दल घरात मतभेद नव्हते. निकाल लागला तो असा: आंबवलेले खाणाऱ्यांच्या आतड्यात जातींची विविधता वाढली, दाहाशी संबंधित १९ प्रथिने रक्तात घटली. चोथ्याच्या गटात विविधता होती तिथेच. कदाचित चोथा पचवणारे जिवाणूच त्या अमेरिकी पोटांत उरले नव्हते, असा खुलासा पुढे आला. खुलासा पटण्याजोगा आहे. कारण तो खुलासा करणाऱ्यांनीच पाच वर्षे आधी उंदरांवर सिद्ध करून ठेवला होता.

पुण्याची तऱ्हा न्यारी. इथे मुळात लठ्ठ कोणाला म्हणायचे यावरच गाडी अडते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम इस्पितळातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून लठ्ठ, हा आपल्याकडचा नमुना जगाला इतक्या थोडक्यात कोणी समजावला नव्हता. मजकुरात प्रांजळपणे हेही नोंदवले होते की एक लेखक मॅरेथॉन धावतो, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी इस्पितळाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत गाठणे. दुसरा कोण, हे पुणेकरांना सांगावे लागले नाही.

म्हणजे परदेशी पद्धतीने बीएमआय बघून ‘लठ्ठ’ आणि ‘सडपातळ’ अशा दोन पेट्यांत आमच्या डब्या टाकल्या की घोळ ठरलेला. त्यात आमची वस्तीही वेगळी. २०१६ साली पुण्याच्याच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतल्या योगेश शौचे यांच्या गटाने दाखवले की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे दिसतात. धान्य-डाळींच्या जेवणावर पोसलेली ही मंडळी. सेंट लुईसच्या मापाचा अंगरखा त्यांना बसत नाही.

या सगळ्यात नमुने आणणे हा स्वतंत्र पराक्रम. पांढऱ्या झाकणाची डबी, झाकणालाच आतून जोडलेला इवलासा चमचा, बर्फाच्या पिशव्या आणि थर्माकोलचा खोका. मे महिन्यात गावाकडून असा खोका एसटीने आणायचा म्हणजे परीक्षाच. एकदा कंडक्टरने विचारले, ‘‘हापूस का?’’ आमच्या सहकाऱ्याने मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे त्याचे त्यालाच माहीत. कंडक्टरने खोका प्रेमाने उचलून उन्हाच्या बाजूने सावलीच्या बाजूला, स्वतःच्या डब्याशेजारी ठेवला. नमुने इतक्या उत्तम अवस्थेत क्वचितच पोचले असतील. स्वारगेटला उतरताना तो म्हणाला, ‘‘पुढच्या खेपेला एक डझन आमच्यासाठी पण बघा.’’

डबीपेक्षा वही जास्त छळते. प्रत्येक स्वयंसेवकाने तीन दिवस काय खाल्ले ते लिहायचे असते, आणि लिहिताना माणूस संत होतो. वहीत कोशिंबीर असते, वडापाव नसतो. भाकरी असते, भाकरीवरचा लोण्याचा गोळा नसतो. आम्ही एका मोठ्या घरातल्या तीन पिढ्यांचे नमुने घेतले, तेव्हा आजींच्या वहीत गुरुवारच्या रकान्यात फक्त ‘उपास’ असे वळणदार अक्षरात लिहिलेले होते. पुढे सगळे कोरे. डबीतले जिवाणू मात्र उपाशी असल्याचे लक्षण दाखवीनात. सहकारी मुलगी फेरतपासणीला गेली.

‘‘आजी, गुरुवारी खरंच काही खाल्लं नाही?’’

‘‘नाही गं बाई. दत्ताचा उपास माझा.’’

‘‘म्हणजे दिवसभर पाण्यावर?’’

‘‘पाण्यावर कशाला? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून. दुपारी बटाट्याचा कीस, वरी, दाण्याची आमटी. चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. रात्री दोन केळी नि दूध. बाकी काही नाही.’’

मुलीने ते सगळे टिपून आणले आणि संगणकात भरायला बसली. आहाराची यादी परदेशातून आलेली. साबुदाणा खिचडीला तिच्यात जागा नव्हती. सर्वांत जवळचा पर्याय होता दूध-साखरेचे टॅपिओका पुडिंग. यादीबाहेरचे काही टाकायची सोय नव्हती, त्यामुळे आमच्या आजी त्या अभ्यासात दर गुरुवारी सकाळी पुडिंग खाणाऱ्या पुण्यातल्या बहुधा एकमेव बाई म्हणून नोंदल्या गेल्या. पुढच्या फेरीला नवी डबी हातात देताना मुलीने त्यांना ‘काहीही खाल्लं तरी लिहायचं, उपासाचं सुद्धा’ असे तीनतीनदा बजावले. आजींनी सगळे नीट ऐकून घेतले, डबी उघडून चमचा पाहिला, पुन्हा झाकण लावले आणि विचारले,

‘‘बरं, पण गुरुवारी ही डबी चालते का?’’